पहिल्या गोळीआधी एक नळी रक्त: सोलापूरच्या डॉक्टरांना आणि संशोधकांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातील मेंदूविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन,
डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक,
आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील जीवशास्त्राचे संशोधक यांस,

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला सवड झाली नाही तरी ती आपल्यापर्यंत पोहोचेल. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, नव्यानं निदान झालेल्या रुग्णाची संमती असेल तर लेव्होडोपा या कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाची पहिली गोळी सुरू होण्याआधी त्याचं एक नळी रक्त काढून घ्यावं आणि त्यातला आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेला मजकूर, टिकेल अशा रीतीनं ते साठवून ठेवावं. त्यानंतर दरवर्षी त्याच माणसाचं पुन्हा एकदा. एवढंच. हे काम सोलापुरात बसूनच होण्यासारखं आहे, पुण्या-मुंबईत ते होत नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर होते. गेली काही वर्षं त्यांना कंपवात आहे. त्यामुळं या पत्रात थोडी शिक्षिका बोलेल, थोडी मुलगी. दोन्ही समजून घ्यावं.

बारावीला आम्ही शिकवतो की डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन. ते बरोबरच आहे. पण माणसाच्या जनुकसंचाचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांच्या कामी येतो. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. उरलेल्या अफाट भागातूनही आरएनए तयार होत असतो, फक्त त्याचं प्रथिन कधी बनत नाही. हाच नॉनकोडिंग आरएनए. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत असा एक चिमुकला आरएनए दाखवून दिला, जो दुसऱ्या एका जनुकाचं काम रोखून धरत होता. ही त्या कृमीचीच काहीतरी खासियत असणार, असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. पुढं २००० मध्ये त्याच जातीचा दुसरा आरएनए सापडला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला, तेव्हा लोक जागे झाले. याच शोधाबद्दल या दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मायक्रोआरएनए म्हणतात तो हा. लांबी अवघी बावीस-एक अक्षरांची. एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागाला तो चिकटतो आणि त्यापासून बनणारं प्रथिन कमी करतो.

वर्गात मुलांना हे पटकन उमजत नाही. तेव्हा मी त्यांना चादरीच्या मागाकडं बघायला सांगते. मागाच्या डोक्यावर जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे फिरत असतात. त्या पुठ्ठ्याचा कणही चादरीत येत नाही, पण कोणता ताणा कधी उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे तेच ठरवतात. निम्म्या मुलांच्या घरात कुणी ना कुणी मागावर काम केलेलं असतं, त्यामुळं पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता कंपवात. या आजारात मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या, हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळं काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे १९९७ मध्ये कळलं. त्याच वर्षी हेही कळलं की रुग्णांच्या मेंदूत दिसणाऱ्या लेवी बॉडीज नावाच्या गुठळ्या मुख्यतः याच प्रथिनाच्या असतात. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००३ चा शोध. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका घराण्यात या जनुकाच्या दोनाऐवजी चार प्रती निघाल्या. प्रथिनात काडीचा दोष नव्हता, ते फक्त प्रमाणाबाहेर होतं. तेवढ्यावर त्या घरातल्या माणसांना ऐन उमेदीत कंपवात झाला.

म्हणजे प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण राखणं हे तर मायक्रोआरएनएचंच काम. २००९ मध्ये दिसून आलं की मायक्रोआरएनए-७ अल्फा-सिन्युक्लिनच्या संदेशाला चिकटून ते प्रथिन कमी करतो. मायक्रोआरएनए-१५३ चं कामही त्याच धाटणीचं आहे. पुढं रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रात मायक्रोआरएनए-७ कमी झालेला आढळला. गंमत म्हणजे खुद्द या मायक्रोआरएनए-७ वरही नजर ठेवणारा एक आरएनए आहे. त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जुळून वर्तुळ झालेलं असतं आणि त्याच्या अंगावर मायक्रोआरएनए-७ ला धरून ठेवणाऱ्या सत्तराहून अधिक जागा असतात. २०१३ मध्ये हे वर्तुळाकार आरएनए प्रकरण उजेडात आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. एका प्रथिनावर एक पहारेकरी, पहारेकऱ्यावर दुसरा, आणि यातल्या एकाचंही प्रथिन बनत नाही!

नासधूस फक्त गुठळ्यांनी होते असंही नाही. मायक्रोआरएनए-३४ चे दोन प्रकार रुग्णांच्या मेंदूच्या अनेक भागांत घटलेले सापडले, तेही हातपाय थरथरू लागण्याच्या आधीच्या टप्प्यावरच्या मेंदूंत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ते मुद्दाम कमी केले तेव्हा पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया ढेपाळली, आणि पार्किन व डीजे-१ ही दोन प्रथिनंही खाली आली. कंपवाताच्या आनुवंशिक प्रकारांत नेमक्या याच दोन प्रथिनांच्या जनुकांत दोष असतात. मेंदूतल्या दाहाची गोष्ट आणखी वेगळी. ज्या उंदरांत मायक्रोआरएनए-१५५ मुळातच नव्हता, त्यांच्या मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन वाढवूनही दाह फारसा भडकला नाही आणि चेतापेशी वाचल्या. हे २०१६ चं काम.

हे सगळं वाचून हुरळून जाणं सोपं आहे. पण याच क्षेत्रात एक प्रकरण असं घडलं, जे मला तरी विसरता येत नाही, आणि माझी मागणी त्यातूनच आली आहे. २००७ मध्ये उंदरांच्या डोपामिन पेशींतून मायक्रोआरएनए घडवणारं डायसर हे विकर (एन्झाइम) काढून टाकलं, तर त्या पेशी हळूहळू मेल्या आणि उंदीर मंदावले. त्याच शोधनिबंधात मायक्रोआरएनए-१३३बी हा रुग्णांच्या मध्यमेंदूत घटलेला आढळला. झालं, गुन्हेगार सापडला असं वाटलं. पुढं २०१२ मध्ये दुसऱ्या गटानं फक्त १३३बी नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या डोपामिन पेशी ठणठणीत होत्या. मग रुग्णांच्या मेंदूत तो कमी का होता? तो ज्या पेशींत असतो त्या पेशीच मेल्या होत्या म्हणून तो कमी दिसला असेल, ही शक्यता उरतेच. नीट१ नावाच्या लांब नॉनकोडिंग आरएनएचंही तेच. रुग्णांत तो वाढलेला दिसतो. काही प्रयोग म्हणतात तो पेशींना मारतो, काही म्हणतात तो बिचारा वाचवायला धावलेला असतो.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे आजाराच्या शेवटी काढलेल्या मेंदूकडं पाहून सांगता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंचा संग्रह आहे, आणि त्याचं मोल मी जाणते. पण तिथं पोहोचलेला कंपवाताचा मेंदू बहुधा आजाराची दहा-वीस वर्षं आणि हजारो गोळ्या पचवून पोहोचलेला असतो. आजाराच्या सुरुवातीच्या माणसाकडून घेता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रक्त. मायक्रोआरएनए रक्तात टिकून असतात, पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बसून फिरतात, आणि त्यातले काही मेंदूतून आलेले असतात.

मग रक्तावर अभ्यास झालेच नाहीत का? पुष्कळ झाले. पण एका प्रयोगशाळेची यादी दुसरीच्या यादीशी जुळत नाही. त्याची कारणं मात्र अगदी जमिनीवरची आहेत. तांबड्या पेशींत मायक्रोआरएनए-४५१ आणि मायक्रोआरएनए-१६ ठासून भरलेले असतात. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, चार पेशी फुटल्या, की रक्तद्रवाचं (प्लाझ्माचं) सगळं मोजमाप बिघडतं. दुसरं कारण औषध. २०११ मधल्या एका अभ्यासात गोळी सुरू असलेल्यांच्या आणि अजून सुरू न केलेल्यांच्या रक्तात काही मायक्रोआरएनए वेगवेगळे आढळले. म्हणजे गोळी घेणाऱ्याचं रक्त तपासलं तर आपण आजार मोजतोय की औषध, हे कळायला मार्ग राहत नाही.

सोलापूरचा प्रश्न येतो तो इथं.

आपल्याकडचा रुग्ण हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडं जातो, तो गोळीचा परिणाम ओसरू लागल्यावर, हातपाय वेडेवाकडे हलायला लागल्यावर. तोवर लेव्होडोपा सुरू होऊन वर्षं लोटलेली असतात. पहिली चिठ्ठी लिहिली जाते ती इथं. सिव्हिलच्या ओपीडीत, सात रस्त्याच्या आसपासच्या दवाखान्यांत, बार्शीत, पंढरपुरात, अक्कलकोटात. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून येणारे रुग्णही इथंच येतात. औषध न लागलेलं रक्त ज्या टेबलासमोर बसलेलं असतं, ते टेबल तुमचं आहे. पाच मिनिटांनी तो रुग्ण मेडिकलमध्ये जातो आणि ती संधी त्या माणसापुरती कायमची संपते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत ती अशीच संपली. ते मागांच्या दुरुस्तीची एक वही ठेवायचे. कोणत्या मागाची फणी बदलली, कुणाचा धोटा गेला, कोणत्या बीमचा ताणा सैल पडला, सगळं त्यात. निदान झाल्यावर मी त्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. सुरुवातीच्या वह्यांत अक्षर टपोरं, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं. पुढच्या वह्यांत ओळ सुरू होते तेव्हा बरं असतं आणि उजवीकडं जाता जाता बारीक होत जातं. शेवटच्या वहीत ओळीचा शेवट मुंगीच्या पायासारखा आहे, ‘धोटा’ आणि ‘फणी’ ओळखू येत नाहीत. तुटलेल्या ताण्याची दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरून पापणी लवायच्या आत गाठ मारणारा हा माणूस. त्याला एका दवाखान्यात खांदा आखडलाय असं सांगून कितीतरी महिने शेक आणि व्यायाम दिला गेला. मी त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कंपवाताची सुरुवात खरोखरच अशी खांद्यातून होते आणि भल्याभल्यांना चकवते. मला एवढंच म्हणायचं आहे की आजार त्या वहीत वर्षानुवर्षं चालू होता आणि त्या वर्षांतलं त्यांच्या रक्तातलं काहीही कुणाकडं नाही. पहिली थरथर दिसेपर्यंत सबस्टॅन्शिया नायग्रातल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात असा अंदाज आहे. निदानाचा दिवससुद्धा तसा उशिराचाच. पण त्याहून लवकरचा दिवस आज आपल्या हातात नाही. किमान तो तरी वाया जाऊ नये.

असं काम जगात होतं आहे. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशननं २०१० मध्ये जो दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यात औषध न सुरू केलेले नवे रुग्ण घेतले, वर्षानुवर्षं त्यांचं रक्त साठवलं, आणि आज जगभरचे संशोधक त्या नमुन्यांतला लहान आरएनए वाचत आहेत. पण त्यातली माणसं बहुतेक युरोप-अमेरिकेतली, गोऱ्या वंशाची. कंपवाताशी जोडलेला एलआरआरके२ जनुकातला जो बदल तिकडं सगळ्यात जास्त चर्चेत असतो, तो भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतो. मग तिकडची मायक्रोआरएनएची यादी पद्मशाली विणकराला, लिंगायत शेतकऱ्याला, शास्त्रीनगरातल्या मुसलमान कारागिराला जशीच्या तशी लागू पडेल हे आपण कशाच्या जोरावर धरून चालायचं? जिनोमइंडिया प्रकल्पानं दहा हजारांच्या आसपास भारतीयांचा डीएनए वाचला, तो फार मोठा टप्पा आहे. मात्र डीएनए जन्मभर जवळपास तोच राहतो. आरएनए वयाबरोबर, आजाराबरोबर, गोळीबरोबर बदलतो, म्हणून तो वेळेवरच घ्यावा लागतो.

आता व्यवहाराचं बोलते. आरएनए हा फार नाजूक. आपल्या हाताच्या घामातही त्याला तोडणारी विकरं असतात. रक्तद्रव हवा असेल तर तो तासा-दोन तासांत वेगळा करावा लागतो. आरएनए टिकवणारं द्रावण आधीच घातलेल्या नळ्या मिळतात, त्यांत रक्त साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत तीनेक दिवस तग धरतं. पण आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पंढरपूरहून निघालेली नळी एसटीच्या टपावरच्या खोक्यात आली तर तिचं काय होईल हे सांगायला नको. म्हणून थंड पेटी हवी, नमुना आणणारा एक ठरलेला माणूस हवा, आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर हवा, जनरेटरची जोड असलेला. सुरुवात उन्हाळ्यात करू नये. गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या थंडीत पहिले नमुने घ्यावेत आणि उन्हाळा येईस्तोवर पद्धत बसवावी. रक्त काढणाऱ्या तंत्रज्ञांना नीट शिकवावं, कारण सगळा डोलारा त्यांच्या सुईवर आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाकडं रुग्ण आहेत, विद्यापीठाकडं जीवशास्त्राची मुलं आहेत. आरएनए वाचण्याचं महागडं यंत्र आज इथं नसलं तरी अडत नाही, नीट साठवलेला नमुना थांबू शकतो. थांबत नाही तो रुग्ण. माझे विद्यार्थी एम.एस्सी.ला जातात आणि प्रकल्पासाठी विषय शोधत पुण्याला पळतात. त्यांना हा विषय घरच्या अंगणात मिळेल.

रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदाराचंही रक्त घ्यावं, असं मला सुचवायचं आहे. वय जवळपास तेच, घर तेच, पाणी तेच, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तीच. तुलनेसाठी निरोगी माणसं शोधायला दुसरीकडं कुठं जायचं? आई केव्हाची तयार आहे. सोबतच्या अर्जात माणसानं आयुष्यभर काय काम केलं तेही लिहून घ्यावं: द्राक्षबागेत फवारणी केली का, कोणती औषधं हाताळली, रंगकामात होता का. पॅराक्वॉट आणि रोटेनॉन यांचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि आपला जिल्हा द्राक्षांचा आहे.

संमतीपत्राबद्दल माझा आग्रह राहील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, नैतिकता समितीची मंजुरी आधी, रक्त नंतर. पण इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत ते वाचून दाखवावं, साक्षीदार समोर असावा. ‘रक्त कुठं नेऊन विकणार का?’ हा प्रश्न हमखास येतो, आमच्या घरातही आला. त्याला रागावू नये, उत्तर द्यावं. नमुना कुठं राहील, कोण वापरेल, परत मागता येईल का, हे सगळं त्यात असावं.

आणि दोन गोष्टी मुळीच होऊ नयेत. रक्त काढायचंय म्हणून कुणाची गोळी एक दिवसही लांबवू नये. चिठ्ठी लिहिण्याच्या आणि रक्त काढण्याच्या मधली ती पाच मिनिटं पुरेत. दुसरं, मायक्रोआरएनएची चाचणी करून कंपवात सांगतो म्हणून कुणी पैसे घेऊ नयेत. अशी विश्वासार्ह चाचणी आज अस्तित्वात नाही. नॉनकोडिंग आरएनएवर बेतलेलं कंपवाताचं मान्यताप्राप्त औषधही नाही. आरएनएची औषधं दुसऱ्या आजारांत आली आहेत, पण मेंदूच्या खोल भागातल्या पेशींपर्यंत ती पोहोचवणं अजून फार अवघड आहे. आज रक्त देणाऱ्या रुग्णाला त्याचा स्वतःला काही फायदा होणार नाही, हे त्याला तोंडावर सांगावं. मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मला नको, पण लिहून तर ठेवा कुठंतरी." त्यांचं रक्त आता गोळीनंतरचं आहे, तरी दरवर्षीच्या नोंदीसाठी ते द्यायला तयार आहेत.

माझ्या ओळखीत अशी आणखी काही कुटुंबं आहेत. आपण एक बैठक बोलावलीत तर आम्ही सगळे येऊ. संमतीपत्राचा मराठी मसुदा मी लिहून देईन. तेलुगू आणि कन्नडसाठी माझ्या सहकारी शिक्षकांनी होकार दिला आहे, उर्दूसाठीही विचारलं आहे. नैतिकता समितीपुढं प्रस्ताव ठेवायचा अधिकार मात्र आमचा नाही, तो आपला आहे. पुढच्या जानेवारीत पहिली नळी भरायची, तर तो प्रस्ताव या दिवाळीआधी समितीपुढं जायला हवा.

कळावे,
आपली,
कंपवाताच्या रुग्णाची मुलगी आणि जीवशास्त्राची शिक्षिका,
सोलापूर